टेस्ट शॉट

वाशी, सेक्टर सतरा. दुकानदार म्हणाला,
पंचेचाळीस मेगापिक्सेल. कशावरही मारून बघा.

मला खाडीतले फ्लेमिंगो हवे होते,
एकेक पीस सुटं दिसेल असे.
समोर फक्त अण्णा,
स्टुलावर, मांडीवर दोन्ही हेल्मेटं घेऊन.

खटक्.

मग तो मोठं करत गेला: कॉलर, हनुवटी,
हनुवटीखाली रेझरला चुकलेले
पांढरे खुंट, कसेही,
आणि कापल्याच्या तीन बारीक रेघा.
एक आजची.

रोज समोरासमोर चहा पितो आम्ही.

"दाढी सकाळीच केलीय," अण्णा म्हणाले,
कुणी विचारलं नसताना.

"शार्प आहे ना? उडवतो हा."
"नको."
"मग कार्ड विकत घ्यावं लागेल, साहेब."

घेतलं. कॅमेऱ्याचं पुढच्या महिन्यात बघू.

शेजारच्या दुकानात दाढीची मशीनं होती.
तिथं निवडायला
फार वेळ लागला नाही.