बूट हातात घेतलेल्या माणसाचा आवाज

रोममध्ये, तुस्कोलाना रस्त्यालगतच्या एका तळघरात
मी आवाज बनवते.
चित्र आधीच तयार असतं, मुकं.
मी पडद्यासमोर उभी राहून चालते, दारं लावते, काटे-चमचे पाडते.
तिकडच्या बायकांना पाय असतात,
पावलं माझी.

या आठवड्यात विनोदी सिनेमा आहे.
नवरा, बायको,
आणि समोरच्या इमारतीतली दंतवैद्याची विधवा.
तो कपाटात लपतो, कपाटात शिंकतो,
नुसत्या गंजिफ्राकावर बाल्कनीत उभा राहून
शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीची माफी मागतो.

चुंबनं एकतीस.
सगळी मी माझ्याच मनगटावर घेतली,
डाव्या, घड्याळाचा पट्टा असतो तिथे.
विधवेची जरा ओली. बायकोची कोरडी,
गाडी सुटताना घेतात तसली.
काचेपलीकडून नेव्हिओ म्हणाला,
"एर्सिलिया, बायकोचं परत एकदा. इतकं कोरडं नको,
लोकांना तिची कीव येईल."

चौथ्या रिळात रात्रीचे तीन वाजतात.
नवरा बूट हातात घेऊन घरात शिरतो.
"इथे काही नको," दिग्दर्शक म्हणाला, "शांतताच."
मी म्हटलं, शांतता कुठे असते?
मोज्यांचा आवाज असतो.
टाच टेकत नाही, चवडा टेकतो.
तिसरी फरशी डुगडुगते, ती तो ओलांडतो,
आणि ओलांडताना गुडघा कट्‌कन वाजतो.
किल्ल्या मुठीत आवळलेल्या, म्हणून वाजत नाहीत,
पण मूठ उघडताना घाम सुटतो कातडीपासून,
चिकट, बारीक.
मांजर डोळे मिटून दूध पितं खरं,
जिभेचं काय करणार?

सगळे माझ्याकडे बघत राहिले.
"हे कुठे शिकलीस?" नेव्हिओनं विचारलं.
मी पायातल्या चपला काढल्या. म्हटलं, लाल दिवा लाव.

घरीच शिकले. अकरा वर्षं.
माझा दुइलिओ तेर्नीला न्हाणीघराच्या फरश्या विकायला जातो,
मंगळवारी, आणि कधी कधी शुक्रवारी.
आमच्या घरातली तिसरी फरशीही त्यानंच बसवलीय.
नीट बसवली नाही.

मग मी कागदावर नसलेली एक गोष्ट केली.
पडद्यावर बायको पाठमोरी झोपलेली होती.
मी माइकजवळ तोंड नेऊन तिचा श्वास घेतला,
आत, बाहेर, आत,
आणि तिसऱ्या फरशीपाशी थांबवला.
तेवढंच.
मग पुन्हा सुरू, आधीपेक्षा जरा जास्त नीट.

दिग्दर्शकानं चष्मा काढून पुसला, परत घातला.
"राहू दे," म्हणाला.

पहिल्या खेळाला दुइलिओ शेजारी बसला होता,
नवा टाय, खिशात ज्येष्ठमधाच्या गोळ्या.
कपाटाला थिएटर हसलं, शिंकेला हसलं, चादरीला तर टाळ्या.
चौथं रीळ लागलं. पुरुष हसतच होते.
बायकांचं हसू मात्र एका रांगेत थांबलं,
मग मागच्या रांगेत,
घराघरांतले दिवे जावेत तसं.
शेजारची खुर्ची करकरली.
चोराच्या मनातलं चांदणं
त्या अंधारात मला दुइलिओच्या नाकावर स्पष्ट दिसलं.
ट्राममध्ये तो एवढंच बोलला,
"तुझं काम बरं झालंय."

पुढच्या मंगळवारी, रात्री तीनला,
तो बूट घालून जिना चढला.
एकेक पायरी. किल्ल्या खुळखुळवत.
तिसऱ्या फरशीवर तर मुद्दाम उभा राहिला,
दोनदा डुगडुगवली.
मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.
ही कबुली, की मस्ती,
की नुसतेच पन्नाशीच्या माणसाचे दमलेले पाय?
श्वास चालू ठेवला. आत, बाहेर.

"जागी आहेस," तो म्हणाला.
विचारलं नाही, सांगितलं.

आणि मला, काय सांगू, हसूच फुटलं.

उशीत तोंड खुपसून हसणाऱ्या बाईचा आवाज:
कापूस घेऊन पाहिला, ओला टॉवेल घेऊन पाहिला,
पावाच्या गोळ्यात बोटं घालून पाहिली.
तळघरात अजून जमलेला नाही.