माया

वहीत तिचं पान अकरा वर्षांचं.
प्रणोती मगदूम, खणभाग.
छाती चौतीस, कंबर तीस, सीट साडेअडतीस,
आणि खाली पेन्सिलीनं, मलाच कळावी अशी खूण :
डाव्या अंगाला एक कोरका चंद्र.

चौथीत तापात टोचलेली सुई पिकली होती म्हणे,
तिथं खड्डा राहिला. लिंबू मावेल एवढा.
घरात कुणी काढत नसे तो विषय.
टेपपासून काय लपतंय.

दर कुडत्याला डाव्या शिवणीत, आतून,
मी कापसाची एक पाकळी शिवायचे.
बिलात कधी लावली नाही.
आम्ही नदाफ. सासरे धनुकली घेऊन गल्लोगल्ली फिरले,
गाद्या भरल्या, उशा भरल्या. म्हणायचे,
भरलेलं बसणारच, पोरी. तीन पावसाळे, लई झालं तर चार.

जुलैअखेर ती मोरपंखी सिल्क घेऊन आली.
"काकी, या वेळी कापूस नको."
टेप फिरवला. डावीकडे अडखळलाच नाही.
मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी जेल भरलं म्हणाली,
पाणी धरून ठेवतं, आपल्या अंगात असतंच ते,
सांध्यांत, डोळ्यांत.
किती लागलं विचारलं तर सिरिंजा सांगितल्या.
पैसे मागाहून सांगितले, हळू आवाजात :
माझ्या गाळ्याचं वर्षाचं भाडं, वर एक पिको मशीन.

सुईनं पाडलं, सुईनं भरलं.
चंद्र खोडताना रबर जरा जोरात फिरला,
खोटं कशाला बोलू.

ट्रायलला आली तेव्हा आयर्विनला पाणी एक्केचाळीसवर.
मी गिऱ्हाइकांचे गठ्ठे माळ्यावर चढवत होते,
बाहेर जो तो फूट आणि इंच विचारत होता,
आणि ती दार लावून आरशाला पाठमोरी,
मान वळवून नुसती बघत उभी.
अकरा वर्षांत अशी उभी राहिली नव्हती.
टाचण्या माझ्या तोंडात. बरं झालं.

दीड वर्षानं तोच कुडता.
"डावीकडे जरा झोल पडतोय, काकी."
मोजलं. पाव इंच.
"विरघळतं ते. सांगितलं होतं त्यांनी आधीच."
"मग, परत भरणार?"
"गाडीचे हप्ते सुटू देत. बघू."

मी कुडता उलटा केला. शिवणीत दीड इंच माया.
एवढी कुणी ठेवत नाही.
कापड महागाचं होतं म्हणून ठेवली, म्हटलं मी तिला,
आणि डब्यातला कापूस बोटांनी मोकळा करायला घेतला.

ती आरशाकडे वळली. पाठमोरीच.
मान वळवून बराच वेळ.
"राहू दे," म्हणाली, "आज असाच घालून जाते."

ती गेल्यावर वही उघडली.
पाव इंच लिहिलं, तारीख टाकली.
पेन्सिल कानावर ठेवली परत.
कापूस मात्र हातातच राहिला, चहा येईपर्यंत.