बिनतिखटाचं

सातऱ्यावरून सुटलो तेव्हा पाच वाजले होते.
दिवाणजी किलो मोजत होता,
आम्ही बोटं.
दिवसभर मिरचीची देठं खुडली की
हात आपले राहत नाहीत,
दुसऱ्याच्या चुलीत विसरून आल्यासारखे वाटतात.

पुस्तकला म्हणाली, चाल नं, जपानिनीच्या दुकानात.
पैसे मी देतो.
गटाचे नाहीत, माह्ये आहेत.

पवनीच्या रस्त्याला, जिथं आधी गजभिये सायकलवाला बसायचा,
तिथं चार टेबलं.
भिंतीवर पंक्चरच्या पाण्याचा डाग अजून तसाच.
तोमोएबाई विहार बघायला आली होती म्हणतात,
तीन दिवसांसाठी.
आता गॅसवाल्याशी भांडते,
शेजारणीकडून विरजण उसनं आणते,
आणि परतही करते, हे तेवढं इथलं नाही.

पदार्थ एकच. कारे.
खोलगट ताटलीत एका अंगाला भात,
दुसऱ्या अंगाला तपकिरी, दाट काहीतरी,
मधे धुरा घातल्यासारखी सरळ रेघ.
भात नव्या धानाचा, गिचका.
ह्याच भातासाठी पहिल्या दिवाळीला
मी सासरी बोलणी खाल्ली होती.
ती तोच शोधून आणते.

हे तुमचंच, ती म्हणाली
हिंदीचं टोक मराठीला जोडत.
आधी इंग्रज घेऊन गेला,
इंग्रजाकडून आमचे जहाजवाले.
पुस्तकलानं ताटलीवर नाक नेलं.
आपलं असतं तं आतापर्यंत नाक गळलं नसतं काय?

बटाटा होता, गाजर होतं,
आणि किसून घातलेलं सफरचंद.
सफरचंद!
आमच्याकडे ते दवाखान्यात नेतात,
खाटेजवळच्या स्टुलावर ठेवतात,
पेशंट त्याच्याकडे बघत बरा होतो
आणि पोरं खातात.

दोन घासांत पुस्तकलानं तिखट मागितलं.
तोमोएबाईनं बरणी आणली.
लाल, भिवापुरी,
ह्याच बोटांतून गेलेली असेल, नसेल.
पुस्तकलानं चिमूट सोडली
धुऱ्याच्या अल्याड, पल्याड,
मग घाम पुसत, नाक ओढत,
मन लावून जेवली.
बरणी माझ्याकडे सरकवली.

मी घेतली नाही.

घरी पहिला घास कालवते तेव्हा
बोटांची आग भाजीत उतरते
की भाजीची बोटांत, कळत नाही.
साधं वरण झोंबतं.
संक्रांतीपासून अक्षय तृतीयेपर्यंत
लेकराचे डोळे मी पुसत नाही,
रडलं तर सासूला हाक मारते.

इथं चमचा होता.
गार, जड, लांब दांड्याचा.
लग्नात चमच्यानं खाणाऱ्याला आम्ही हसतो.
मी तो पेनासारखा धरला
आणि ते गोडसर, मऊ,
आजाऱ्याला द्यावं तसलं
जिभेवर ठेवलं.
काहीच झालं नाही.
पुन्हा ठेवलं.
काहीच झालं नाही.
इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

भिवापुरात जन्म, भिवापुरात सासर,
तिखट नको म्हणायचं कुणाला?

आवडलं काय वं? पुस्तकलानं विचारलं.
फिक्कं हाय बाप्पा, मी म्हटलं.
मीठबी कमी.

तोमोएबाई ऐकत असावी.
माझी ताटली तिनं पाहिली,
शीतसुद्धा उरलं नव्हतं.
न विचारता तिनं अर्धा डाव पुन्हा वाढला,
भाताशिवाय,
आणि बरणी उचलून आत नेली.

निघताना तिनं हातावर पाणी घातलं.
धुवायला काही नव्हतंच, चमचा होता.
तरी धुतले,
सवयीनं,
तोंडापासून लांब धरून.