मूळ एकर

उत्तर आयोवातल्या एका काउंटीच्या शेती-कचेरीत
एकतीस वर्षं बसले मी, काउंटरच्या अलीकडे.
पलीकडे टोप्या काढून माणसं उभी राहायची
आणि मला चेहऱ्याआधी आठवायचा
त्यांचा खातेक्रमांक.

विमानातून काढलेले फोटो असत माझ्याकडे.
त्यांवर पेन्सिलीने मी शेतं आखायचे:
मका. सोयाबीन. मका.
ओढ्याचा काठ पांढराच सोडायचा असे.

लव्हर्न ट्वेट पहिल्यांदा आला तेव्हा
त्याच्याकडे डुकरं होती, अठरा गाई, ओट्स,
बायकोच्या कोंबड्या, आणि उत्तरेच्या वाऱ्याला आडवी
सफरचंदाची एक रांग.
"झाडं कुठल्या रकान्यात लिहू?"
मी फॉर्म उलटून पाहिला, दोन्ही बाजूंनी.
रकाना नव्हता.

नियम मी त्याला मायेनंच समजावला:
ज्यात मका लावत आलास ते तुझे मूळ एकर.
दुसरं काही पेरलंस तर तेवढं मूळ कमी.
मूळ कमी, की चेक कमी.
तो म्हणाला, "म्हणजे केलं तेच करत राहायचं."
मी म्हणाले, "सही इथे कर."

पुढच्या वर्षी गाई गेल्या. मग डुकरं.
मग कुंपणं, कारण आता अडवायचं कुणाला?
सफरचंदं एका शनिवारी संपली,
दुपारच्या जेवणाआत.

खोटं कशाला बोलू, घरांना नवी छपरं आली,
त्याच्या मुलीचे दात तारा लावून सरळ झाले.
वाईट वर्षी चेक आला नसता
तर निम्म्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या असत्या.
माझा पगारही त्याच तिजोरीतला.

पण पूर्वी मळणीला इर्जिक असायची,
अकरा घरं, एक यंत्र,
आणि बांधावरून ज्याच्याशी भांडण
त्याच्याच ताटात वाढावं लागे.
आता लव्हर्न एकटा, काचेच्या केबिनमध्ये,
चार दिवसांत आटपतो सगळं.
शेजाऱ्याची गरज नाही
म्हणून शेजाऱ्यावर रागही नाही.
त्याची जमीन विक्रीला कधी निघते, एवढंच लक्ष.

कॅफेत लोक गाभण गाईंवर बोलायचे,
कुणाच्या खारवलेल्या काकड्यांवर.
आता अर्जाच्या शेवटच्या तारखेवर बोलतात.
कष्टाळू तितकेच. फक्त
आधी माझ्याकडे बघतात,
आभाळाकडे नंतर.

अंडी आम्ही सगळेच पेट्रोल पंपावर घेतो,
खोक्यावर दुसऱ्या राज्याचा शिक्का.

मी निवृत्त झाले त्या आठवड्यात लव्हर्न आला.
टोपी काउंटरवर उलटी ठेवली.
आत सहा बटाटे, मातीसकट.
"कुठले रे?"
"ओढ्याकाठचे. तू पांढरं सोडलंस ना, तिथले."

सवयीने माझा हात पेन्सिलीकडे गेला.
त्याने ते पाहिलं,
आणि टोपी किंचित
स्वतःकडे ओढली.