आतला खिसा

लष्करात, दौलतगंजच्या उतारावर
आमचं दोन मशीनचं दुकान.
पाटी अजून वडिलांच्याच नावाची :
ल. ए. निकते, कोट-अचकन.

मापांच्या वह्या आम्ही टाकत नाही.
माणूस सुटतो, वाळतो, पक्ष बदलतो,
खांदे तेच राहतात.

शेहेचाळीस सालची वही, पान एकतीस.
एका हप्त्यात नऊ बंड्या, नऊही राखी,
प्रत्येकीला डाव्या अंगाला आतून खिसा,
साडेसात इंच खोल, दुहेरी शिलाई, कॅनव्हासचं अस्तर.
खाली वडिलांचं मुंगीएवढं अक्षर :
व्यायाम मंडळाकरता. घाई.
पाचव्या ओळीत —
निगुडकर त्र्यंबक. छाती चौतीस. उधार.

एकदा विचारलं होतं, काय जायचं त्या खिशात?
दोरा दातानं तोडत म्हणाले,
शिंप्यानं खिशाची लांबी विचारावी,
पोट विचारू नये.

त्याच महिन्यात सांक नदीच्या पुलापाशी
खजिन्याची पेटी गेली,
आणि पेटीवर बसलेले हरप्रसाद सक्सेना गेले.
पेटीचा हिशेब कागदोपत्री आला, आणे-पैसुद्धा.

पुढे त्र्यंबकराव तीनदा आमदार, एकदा मंत्री.
बाड्यावरच्या सभेत कुणीतरी चिठ्ठी सरकवायचंच,
आणि ते चष्मा चढवून मोठ्यानं वाचायचे :
तुम्ही दलात होता का?
मग थांबायचे. थांबणं त्यांना छान जमायचं.
"दल मला ठाऊक होतं. दलातली पोरं ठाऊक होती.
त्यांच्या तिरड्यांना खांदा दिलाय.
पण दलात मी नव्हतो."
टाळ्या.
ते होते याचा ज्यांना अभिमान, त्यांच्याही,
ते नव्हते याचा ज्यांना दिलासा, त्यांच्याही.
मीही वाजवल्या. कुठल्या बाजूनं, आठवत नाही.

भाची बेलफास्टला नर्स आहे.
फोनवर सांगते, मामा, इथं भिंतीभर रंगवलेत
तोंड झाकलेले बंदूकवाले,
आणि त्याच भिंतीखाली उभा राहून मतं मागणारा म्हणतो,
मी आयुष्यभर फक्त राजकारण केलं.
घरमालकिणीला विचारलं, खरं काय?
तिनं पडदा ओढला. म्हणाली, चहा निवतोय.
मी म्हटलं, अगं, दौलतगंजच की ते.

हरप्रसादांची कुसुमलता
कन्याशाळेतून रिटायर झाली.
दर हिवाळ्यात काहीतरी उसवलेलं घेऊन येते.
टाका पडेपर्यंत स्टुलावर बसते,
आणि वह्यांच्या फळीकडे बघत विचारते,
"मास्टरजी, पुरानी कापियाँ रखी हैं क्या?"
दर हिवाळ्यात मी सांगतो,
चूहे खा गए.
ती पैसे मोजून देते. सुट्टे.

आणि परवा ते स्वतः आले.
एक्याऐंशीव्या वर्षीचा सत्कार, नवी अचकन हवी.
नातू गाडीत बसून राहिला.
छाती छत्तीस. कंबर विचारू नका.
खांदे तेच.
टेप डाव्या काखेशी अडली
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
आतून खिसा ठेवू?

आरशात त्यांनी स्वतःकडे पाहिलं नाही,
माझ्याकडे पाहिलं.
रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
"ठेव," म्हणाले. "चष्म्यापुरता."

पायरी उतरताना वळले.
"लक्ष्मणची माझ्याकडे काही उधारी राहिली होती रे.
किती होती?"

मी म्हटलं,
वह्या उंदरांनी खाल्ल्या, साहेब.

रात्री शटर अर्धं ओढून कापायला बसलो.
चष्म्याला पाच इंच पुष्कळ.
खडूनं पाचावर रेघ मारली,
नीट, पट्टी लावून.

कात्री साडेसातावर जाऊन थांबली.