तळाची बाटली

विजयदुर्गाच्या एसटीत, कंडक्टरच्या सीटखाली येतो खोका.
भिवा कोयंडे सुतळीनं बांधतो, गाठ मात्र जाळ्याची,
मला ती सुटत नाही, कात्री लागते.

आठ बाटल्या. अक्षर त्याचं:
अष्टमी, भांग. ओहोटी. वरचं.
अमावास्या, उधाण. भरती. तळाचं.
राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर
मी मीटरची दांडी बुडवते.
मे महिन्यात हजारी चौतीस, वर काय नि खाली काय.
जुलैत वरच्या बाटलीत तीन,
त्याच जागी, त्याच घटकेला, तळाला एकवीस:
नदी वरून निघून चाललेली
आणि समुद्र तिच्या पोटाखालून आत सरकणारा.

गगनबावड्याच्या धारेवरचा थेंब
पश्चिमेला घसरला तर भिवाच्या होडीखाली.
पूर्वेला घसरला तर माझ्या नळाला,
नाहीतर बंधाऱ्याच्या बरग्यांतून, उसातून,
अख्खी दक्खन तुडवत कुठल्याशा परक्या खाडीला.
पोचलाच तर.

यंदा खोक्यात नववी बाटली. चिठ्ठी नाही.
मीटर चारवर थांबला.
फोन केला. म्हटलं, ही कुठली रे?
वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता.
"ती व्हय... आमच्या बावीची.
आवस म्हणता डाळ शिजत नाय."

आकडा दोनदा घेतला. तोच.
मग दांडी नळाखाली धुतली,
आणि पाणी तसंच वाहत राहिलं,
मला नळ बंद करायचं
बराच वेळ सुचलं नाही.