लेखाशीर्ष

पणजीला, दुसऱ्या मजल्यावर, आमचं सैनिक कल्याण.
खाली औषधांचं दुकान, वर आम्ही;
लोक कधी कधी जिना चुकतात
आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्यापुढे धरतात.

शाणू च्यारी चुकून आले नव्हते.
नगरगावातून अंधारात निघून, वाळपईची पहिली कदंब गाठून
मी कुलूप काढायच्या आधी दारात उभे,
सपाता घालायच्या वयात बुटांना पॉलिश.
तोफखान्यात सतरा वर्षं.
डावा कान तिथेच राहिला,
उजवा गावी येऊन हळूहळू गेला,
भावामागून भाऊ, असं ते स्वतःच सांगतात
आणि स्वतःच हसतात, जरा मोठ्यानेच.

मागणी : श्रवणयंत्र.
रक्कम : अठरा हजार सहाशे.
मी ओरडून विचारलं,
कान नोकरीतच गेले, याचा दाखला?
"आयकूं येना, बाय."
शेजारच्या टेबलावरचे प्रभुदेसाई खोकल्यासारखं हसले.
मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं : दाखला.
त्यांनी वाचलं. कागद उलटा केला,
आणि पाठीमागे पेन्सिलीने एक तोफ काढली,
तिच्याजवळ एक माणूस, ज्याचे हात कानांवर नाहीत
कारण दोन्ही हातांत गोळा आहे.
तो मी फाईलला जोडला. पान सात.
जोडायचा नियम नाही, पण काढून टाकायचाही नाही.

फाईल पूल ओलांडून पर्वरीला गेली,
प्रश्न घेऊन परत आली, उत्तर घेऊन पुन्हा गेली.
मांडवी तिने त्या वर्षी
माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिली.
मग तरतूद वाढल्याची बातमी छापून आली.
प्रभुदेसायांनी कात्रण काचेखाली सरकवलं,
च्यारींनी ते टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूने वाचलं,
आकड्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली.
उभी की आडवी, मला आता आठवत नाही.

एकतीस मार्चला मी तक्ता भरला, माझ्याच अक्षरात :
लेखाशीर्ष, उपशीर्ष, शिल्लक,
आणि शेवटच्या रकान्यात तो शब्द,
समर्पित.
म्हणजे खर्च न झालेले पैसे सरकारला परत.
रात्रीची बस मला गावच्या तिठ्यावर सोडते.
तिथे एका जवानाच्या नावाचा दगड आहे,
नावाखाली हाच शब्द कोरलेला.
रोज बघत होते; त्या रात्री वाचला.
इंग्रजी तक्त्यात याच रकान्याला सरेंडर म्हणतात.
हे मी च्यारींना सांगितलेलं नाही.

एप्रिलात ते पुन्हा आले, तेच बूट, तीच चमक.
नवं वर्ष, नवी फाईल,
पान सात मी जुन्यातून उचकटून हिच्यात घातलं.
त्यांनी आमसुलांची पिशवी टेबलावर ठेवली.
आम्हाला काही घेता येत नाही, मी ओरडले.
त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.
पिशवी खिडकीत राहिली
आणि विधवा-अनुदानाच्या सगळ्या फाईलींना
आठवडाभर सोलकढीचा वास येत होता.

यंत्र ऑगस्टात मंजूर झालं. एकाच कानाचं.
कंपनीच्या पोराने ते बसवलं, बारीक चाक फिरवलं.
च्यारी बराच वेळ वर बघत राहिले.
"हो पंखो सदांच असो वाजता?"
सदाच, म्हटलं. दुरुस्तीचं लेखाशीर्ष वेगळं आहे.

मग पोचपावती पुढे करून
मी अकरा महिन्यांच्या सवयीने ओरडले :
इथे सही करा! पूर्ण नाव!
त्यांनी पेन उचललं, थांबले,
आणि इतक्या हळू आवाजात काहीतरी बोलले
की मला टेबलावरून पुढे वाकावं लागलं.
काय म्हणालात?
"बोब कित्याक मारता, बाय."